वाळू कुठे काढलीय?

बडोद्याच्या दांडिया बाजारात माझी आत्या राहते. गेल्या महिन्यात तिच्याकडे एक चित्र आलं. तिच्या नातवाचा एक मित्र फाइन आर्ट्सला आहे. वर्षाअखेरचं प्रदर्शन आवरताना त्याने ते नातवाला दिलं, आणि नातवाच्या खोलीत भिंत शिल्लक नव्हती म्हणून त्याने ते आजीच्या गळ्यात मारलं. हाफ इंपीरियल कागद, म्हणजे पंधरा इंच बाय बावीस. पूर्ण चित्र चारकोलचं. डावीकडे उजव्या अंगाला कललेली तीन झाडं, मधोमध आणि उजवीकडे वाळूच्या टेकड्या, झाडांच्या खोडांमधून दिसणारी एक बारीक आडवी रेघ, वर मळकट आभाळ.

आत्याने चष्मा लावून पाहिलं आणि मला फोन केला. "तू फाइन आर्ट्सला होतीस ना? मग ये आणि सांग मला. एक तर नुसता कोळसा. समुद्रकिनारा म्हणतोय, तर समुद्र दिसत नाही. आणि वाळू कुठे काढलीय? कागद तसाच सोडून दिलाय की!"

ती तक्रार करत होती, पण चारकोलचं चित्र वाचायला सुरुवात नेमकी इथूनच करायची असते. वाळू काढलेली नाहीच. वाळूच्या आजूबाजूचं सगळं काढलंय.

असं का, ते कळायला आधी कोळशाकडे बघू. चित्रकाराचा चारकोल म्हणजे विलोच्या किंवा द्राक्षवेलीच्या बारीक काड्या, बंद डब्यात तापवलेल्या. आत हवा नसल्यामुळे लाकूड पेट घेत नाही. त्यातलं पाणी, वायू, डांबरासारखे अंश निघून जातात आणि मागे उरतो बहुतेक कार्बन, तोही लाकडाच्या मूळ बांधणीसकट, बारीक बारीक पोकळ नळ्यांचा. म्हणून ती काडी इतकी हलकी आणि ठिसूळ असते. फ्रेंच लोक चारकोलला 'फ्युझँ' म्हणतात. ज्या झुडपाच्या काड्यांपासून ते तो बनवत, त्या झुडपाचंच ते नाव. या काडीत गोंद नाही, तेल नाही, चिकटवणारं काहीच नाही. कागदावर घासली की तिचा भुगा होतो आणि तो भुगा कागदाच्या खरखरीत पोतावर नुसता बसून राहतो. फुंकर मारली तरी थोडा उडतो.

या एका गोष्टीतून बाकीचं सगळं निघतं. भुगा नुसता बसलेला असल्यामुळे तो पुसता येतो, पसरवता येतो, उचलता येतो. आणि काडी फक्त काळंच देऊ शकत असल्यामुळे चित्रात जो काही उजेड आहे तो कागदाचा आहे. तैलरंगात पांढरा रंग शेवटी लावता येतो. इथे पांढरं आधीपासून असतं आणि ते सांभाळावं लागतं. कोणी खडूने पांढरं चढवतं, पण ते शुद्ध चारकोल राहत नाही, आणि माझ्या मते बहुतेक वेळा ते आधीच्या चुकीवर केलेलं पांघरूण असतं.

तेव्हा असं चित्र समोर आलं की झाडांकडे नंतर बघा. आधी पांढरं कुठे कुठे आहे ते शोधा, आणि ते कसं झालंय ते ओळखा. पांढऱ्याचे तीन प्रकार असतात. पहिलं अस्पर्श पांढरं, जिथे काडी कधी गेलीच नाही. तिथे कागद स्वच्छ, किंचित पिवळसर आणि सगळ्यांत तेजस्वी दिसतो. दुसरं पुसलेलं: आधी काळं होतं, मग कापडाने किंवा कातड्याच्या मऊ तुकड्याने झटकलं. हे खरं तर पांढरं नसतंच, राखाडी धुकं असतं, कारण भुग्याचे बारीक कण कागदाच्या खाचांत अडकून राहतात. तिसरं उचललेलं. कणकेच्या गोळीसारखं मऊ खोडरबर असतं, त्याला आम्ही पुट्टी रबर म्हणायचो. ते घासायचं नसतं, दाबून उचलायचं असतं. पूर्वी या कामाला पावाचा मऊ गर वापरत. उचललेल्या पांढऱ्याची कड ज्या आकाराने रबर टेकलं त्या आकाराची असते आणि त्यात हलकी राखाडी झाक राहून जाते.

आत्याच्या चित्रात तिन्ही आहेत. पुढच्या टेकडीचा लांब उतार अस्पर्श आहे. आभाळ पुसलेलं आहे, कापडाचे आडवे फटकारे अजून दिसतात. आणि पुढच्या टेकडीच्या माथ्यावर वीतभर लांबीची एक कड आहे, ती उचललेली. म्हणजे मुलाने आधी मागचा करडा रंग टेकडीच्या माथ्यावरून खाली येऊ दिला, मग थांबला, पाहिलं, माथा मागच्या करड्यात बुडाला हे त्याच्या लक्षात आलं, आणि रबर चिमटीत धारदार करून त्याने ती कड परत मिळवली. चारकोलच्या चित्रात असे निर्णय उघडे राहतात. तैलचित्रात ते थराखाली जातात.

आत्याला मी म्हटलं, "ही बघ, इथे तो चुकला आणि सुधारलं."

"मग मार्क कापले असतील," ती म्हणाली.

काळ्याचेही प्रकार आहेत, पण ते पटकन सांगते. काडी आडवी धरून फिरवली तर कागदाच्या उंचवट्यांवरच काळं बसतं आणि मधे पांढरे ठिपके राहतात. झाडांची पालवी आणि जवळची खरखरीत वाळू अशानेच दाखवतात. टोकाने दाबून ओढली तर धारदार रेघ मिळते. आणि एकदम खोल, मखमली काळं दिसलं तर तो बहुधा दाबलेला चारकोल, म्हणजे कोळशाची पूड बंधकात कालवून केलेली कांडी. तो सहज पुसला जात नाही. त्यामुळे तो जिथे लावलाय तिथे चित्रकाराचं मत पक्कं झालेलं होतं असं समजायला हरकत नाही. या चित्रात तो फक्त एका ठिकाणी आहे, सर्वांत पुढच्या झाडाच्या बुंध्याशी. पेन्सिल की चारकोल अशी शंका आली तर कागद तिरका करून खिडकीच्या उजेडात धरायचा. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट चकाकतं, चारकोल मंद राहतो.

आता समुद्र. आत्याचा दुसरा आक्षेप.

भूमितीतली एक गोष्ट लक्षात ठेवली तर निसर्गचित्रातलं निम्मं कोडं सुटतं. सपाट समुद्राचं क्षितिज नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असतं. तुम्ही बसा, उभे राहा, गच्चीवर जा, क्षितिज तुमच्याबरोबर वर येतं. बदलतं ते त्याचं अंतर. किनाऱ्यावर उभं राहिल्यावर ते सुमारे साडेचार किलोमीटरवर असतं, वाळूत बसल्यावर चारच्या आत येतं, आणि दहा मीटरच्या टेकाडावर चढलात तर बारा किलोमीटरच्या आसपास जातं. मग चित्रात क्षितिजाची रेघ शोधायची आणि कोणती वस्तू तिच्या वर जाते, कोणती खाली राहते ते बघायचं. जे रेघेच्या वर गेलं ते चित्रकाराच्या डोळ्यांपेक्षा उंच. जे खाली राहिलं ते बुटकं.

इथे रेघ झाडांच्या खोडांमधून, डावीकडे, कागदाच्या तळापासून जेमतेम एक तृतीयांश उंचीवर आहे. उजवीकडच्या टेकड्या तिच्या चांगल्याच वर जातात. म्हणजे हा मुलगा टेकडीवर चढलेला नाही, टेकड्यांच्या मागच्या खोलगट जागेत बसलाय. वाळूने त्याच्यासमोरचं बरंचसं क्षितिज झाकलंय. समुद्र चित्रात आहे, पण खोडांच्या फटींतून दिसतो तेवढाच, बोटाच्या पेराएवढा. आत्याला मी ती फट दाखवली. तिने नाक जवळजवळ कागदाला लावलं. मी घाबरून म्हटलं, "आत्या, पदर!" चारकोल पदराला लागला की गेलाच.

रेघेबद्दल आणखी एक. ती खोडांपेक्षा कितीतरी फिकी आहे, आणि तिच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलेलं आहे. जितकं दूर, तितकं फिकं आणि तितकं मऊ: दूरच्या वस्तूपासून आपल्या डोळ्यापर्यंत येणाऱ्या वाटेत हवेचा जाड थर असतो, तो स्वतःचा उजेड मधे मिसळत राहतो आणि काळं फिकं पडतं. किनाऱ्यावर खाऱ्या तुषारांच्या बाष्पामुळे हे जास्तच होतं. म्हणून किनाऱ्याच्या चित्रात शंभर पावलांवरचं झाडही डोंगरातल्या तेवढ्याच अंतरावरच्या झाडापेक्षा फिकं दिसू शकतं. तीन झाडं तीन वेगवेगळ्या काळ्यांत आहेत. उंचीत फार फरक नाही. त्यांच्यातलं अंतर आपल्याला कळतं ते या काळ्या-करड्याच्या उतरंडीमुळे.

आता माझा आवडीचा भाग, झाडं.

किनाऱ्यावरची झाडं वाऱ्याने वाकतात असं आपण सहज म्हणतो, जणू वारा सुटला आणि छत्री उलटी व्हावी तसं झाड झुकलं. ते तसं नसतं. वाऱ्याबरोबर समुद्राचे खारे तुषार येतात. समुद्राकडच्या बाजूच्या कोवळ्या कळ्या आणि शेंडे मिठाने आणि सततच्या कोरड्या माऱ्याने मरतात. आडोशाच्या बाजूचे जगतात. वर्षानुवर्षं असं चाललं की झाडाला एकाच अंगाने फांद्या राहतात आणि माथा उतरत्या छपरासारखा होतो, समुद्राकडे बुटका, जमिनीकडे उंच. लहानपणापासून एकाच दिशेचा वारा सोसल्यामुळे खोडही कलतं. तेव्हा असं झाड दिसलं की ज्या बाजूने ते छाटल्यासारखं दिसतं तिकडे समुद्र, आणि ज्या बाजूला ते पळताना दिसतं तिकडे जमीन. चित्र काढलं त्या क्षणी वारा होता की नव्हता याच्याशी याचा संबंध नाही. तो अनेक पावसाळ्यांचा हिशेब आहे.

तुमच्यासमोर असं चित्र आलं तर एक तपासणी जरूर करा: झाडं ज्या दिशेला कललीत त्याच्याशी टेकड्या जुळतात का? वाळूचा कण वाऱ्यावर तरंगत जात नाही, उड्या मारत जातो. गवताचा झुबका किंवा मर्यादवेलीसारखी पसरणारी वेल आडवी आली की कण तिथे थांबतो, मग दुसरा, आणि टेकडी वाढत जाते. साधारणपणे वाऱ्याकडची बाजू लांब, सावकाश चढाची होते आणि आडोशाची बाजू झपकन उतरते. कोरडी सुटी वाळू सुमारे ३४ अंशांपेक्षा तीव्र उतारावर टिकत नाही, घसरते. वेलींच्या मुळांनी धरलेली किंवा ओली वाळू याला अपवाद. नवशिक्याच्या चित्रात टेकड्या खडकासारख्या दिसतात त्याचं कारण बहुतेकदा हेच असतं, उतार वाळूला पेलणार नाही इतका उभा काढलेला असतो. डोळ्याला नियम माहीत नसतो, पण खटकतं. इथे लांब उतार डावीकडे, म्हणजे फटीतून समुद्र दिसतो तिकडे आहे, तीव्र बाजू उजवीकडे. झाडंही उजवीकडे. जुळलं.

इथवर आल्यावर मला चेव चढला. आत्याचा चहा थंड होत होता. मी तिला म्हटलं, आता तुला हे कुठल्या दिशेला तोंड करून, कुठल्या ऋतूत, किती वाजता काढलं तेही सांगते.

समुद्र डावीकडे. आपल्याकडचा समुद्र पश्चिमेला. मग चित्रकाराचं तोंड उत्तरेला. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे झाडं उजवीकडे, म्हणजे पूर्वेला, कलणारच. आता सावल्या. पुढच्या झाडाची सावली वाळूवर उजवीकडे पडलीय, आणि थोडी आत, आपल्यापासून लांब जाणारी. सावली उजवीकडे, तर सूर्य डावीकडे, म्हणजे पश्चिमेला, म्हणजे दुपारनंतर. सावली आपल्यापासून लांब जाते, तर सूर्य थोडा आपल्या पाठीमागेही आहे, म्हणजे नैर्ऋत्येला. उन्हाळ्यात आपल्याकडे सूर्य पश्चिमेच्याही उत्तरेकडे मावळतो, तेव्हा सावली चित्रकाराकडे आली असती. म्हणून हिवाळा. राहिली वेळ. सावली झाडाच्या अंदाजे दुप्पट आहे. सावली उंचीच्या दुप्पट असते तेव्हा सूर्य क्षितिजाच्या सुमारे २७ अंश वर असतो. वाळूचा उतार सावली लांबवतो किंवा आखडतो, त्याची सूट द्यायची. तरी हिवाळ्यात सूर्य तिथून मावळायला सव्वादोन-अडीच तास लागतात. तेव्हा डिसेंबर-जानेवारी, दुपारचे पावणेचार.

"आणि झाडं सुरूची," मी म्हटलं. "तिथलचा किनारा असेल, वलसाडजवळचा. इथून वलसाडला रेल्वेने जातात ही मुलं, सकाळी निघून रात्री परत."

"तिथलची वाळू काळी असते गं," आत्या म्हणाली. "लग्नानंतर आम्ही गेलो होतो. साडीचा काठ धुताना पाणी काळं आलं होतं. यात तर वाळू पांढरी आहे."

यावर मी तिला जे सांगितलं ते तत्त्व म्हणून बरोबर आहे, म्हणून इथेही सांगते. चारकोलमध्ये वस्तूचा खरा रंग मोजून उतरवत नाहीत, वस्तूवस्तूंमधलं नातं उतरवतात. उन्हातली वाळू कागदावर आणायची तर आपल्याकडे फक्त कागदाचा पांढरा आहे, आणि तो खऱ्या उन्हाच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणून बाकी सगळं त्या प्रमाणात खाली ओढायचं. आभाळ मळकट आहे ते ढगाळ होतं म्हणून असेलच असं नाही. आभाळ करडं केलं की वाळू उजळते. हवी असेल तर खात्री करून बघा: राखाडी कागदाचा एक तुकडा काळ्या फायलीवर ठेवा, तसाच दुसरा पांढऱ्या कागदावर. पहिला उजळ दिसेल. तेव्हा काळी वाळूसुद्धा, तिच्यावर ऊन असेल आणि शेजारी झाडाची गडद सावली असेल, तर चित्रात पांढरी राहू शकते.

आत्याने ऐकून घेतलं. पटलं नाही हे तिच्या चहा गाळण्याच्या पद्धतीवरून कळत होतं.

तेवढ्यात तिची शेजारीण आली, तिने चित्र पाहिलं आणि म्हणाली, "किती एकटं वाटतं ना!" या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे. प्रदर्शनात किनाऱ्यावरच्या झाडाच्या चित्राखाली निम्म्या वेळा 'एकाकी' किंवा 'प्रतीक्षा' असं लिहिलेलं असतं. माणूस नसला की एकटेपणा, रंग नसला की दुःख. पण चारकोल काळा आहे तो दुःखामुळे नव्हे, लाकडाचा कोळसा झाल्यामुळे. आणि ही तीन झाडं आहेत, एकमेकांच्या आडोशाने वाढलेली. पहिलं जरासं खुरटं, तिसरं जरासं उंच, कारण पहिल्याने मीठ झेललं. भावना काढूच नये असं मी म्हणत नाही. आधी दिसतं ते बघावं, मग काय वाटतं ते त्या दिसण्याला टेकवून सांगावं. 'एकटं वाटतं' म्हणताना 'कुठे पाहून?' असं स्वतःला विचारलं तर शेजारीणबाईंचं बोट बहुधा त्या मोठ्या अस्पर्श पांढऱ्या उतारावर गेलं असतं, आणि ते निरीक्षण चांगलं झालं असतं. कागदाचा जवळजवळ एक चतुर्थांश भाग मोकळा सोडायला छाती लागते. शिकत असताना आपला हात सारखा शिवशिवतो, तिथे दोन रेघा माराव्यात, थोडे शंख-शिंपले दाखवावेत.

किनारा आणि वाळू चित्रकारांना मोकळं करते ती याचमुळे असावी. तिथे काढायला वस्तू फार कमी असतात. डच चित्रकार पीट मोंद्रियान १९०९ च्या सुमारास झीलंड प्रांतातल्या डोंबर्ग गावी वाळूच्या टेकड्या रंगवत होता. १९१४-१५ मध्ये त्याने तिथलाच धक्का आणि समुद्र चारकोलने काढला तो नुसत्या आडव्या आणि उभ्या तुटक रेघांत. टेकड्यांची चित्रं आधी पाहिली असतील तर त्या रेघा अजिबात अवघड वाटत नाहीत; पाण्यावरची चमक आणि धक्क्याचे खांब आहेत ते. आणि लांब कशाला जा, आमच्या बडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये १९७२ पासून नसरीन मोहमदी शिकवत असत. त्यांच्या शाई-पेन्सिलच्या बारीक रेघांपुढे लोक गोंधळून उभे राहतात. त्यांनी काढलेले किनाऱ्यांचे, ओहोटीने वाळूत सोडलेल्या खुणांचे फोटो पाहिले की रेघा कुठून आल्या असतील त्याचा अंदाज येतो. १९९० मध्ये त्यांचं निधन झालं तेही अलिबागजवळच्या किहीमला, समुद्राकाठी.

बडोद्याला समुद्र नाही असं म्हणतात. संस्थानाला मात्र होता. नवसारी, कोडिनार, द्वारकेचं ओखामंडळ, हे सगळं गायकवाडांच्या राज्यात. माझे पणजोबा संस्थानच्या नोकरीत ओखामंडळात होते आणि आत्याच्या लहानपणच्या गोष्टींत शंख फार असतात. १९५० मध्ये फाइन आर्ट्स सुरू झालं तेव्हा चित्रकलेचा विभाग सांभाळायला आले ते नारायण श्रीधर बेंद्रे इंदूरचे, म्हणजे आणखी एका बिनसमुद्राच्या मराठी गावातले. निसर्गचित्रासाठी बाहेर पडायचं, जागेवर बसायचं, हे त्या पिढीच्या अंगात होतं. आताची मुलं मोबाइलवर फोटो काढून खोलीत बसून चित्र करतात अशी तक्रार सगळे करतात. मी करत नाही. पण फोटोवरून काढलेलं चित्र ओळखता येतं. मोबाइलचा कॅमेरा सावल्या आणि आभाळ दोन्ही आपल्या मनाने एकसारखी करून टाकतो, त्यामुळे सावलीत काहीच हरवत नाही. या चित्रात पुढच्या बुंध्याची सावलीकडची बाजू आणि तिची जमिनीवरची सावली एकमेकींत विरघळल्या आहेत, मधली कडच नाही. असं प्रत्यक्ष बघताना होतं.

चित्र टिकवायचं असेल त्यांच्यासाठी थोडं. चारकोल नाजूक आहे म्हणजे अल्पायुषी आहे असं नाही. फ्रान्समधल्या शोव्हे गुहेतली कोळशाची चित्रं तीस हजार वर्षांहून जुनी आहेत. तिथे कोणी फडकं घेऊन गेलं नाही एवढंच. घरी फडकं असतं. फिक्सेटिव्हचा, म्हणजे भुगा धरून ठेवणाऱ्या द्रवाचा, फवारा मारला तर भुगा थोडा धरून राहतो, पण राखाड्या किंचित गडद होतात, म्हणून लांबून, पातळ मारायचा. विद्यार्थी हेअर स्प्रे मारतात, तो कालांतराने पिवळा पडू शकतो. फ्रेम करताना काच चित्राला टेकता कामा नये, मधे जाड पुठ्ठ्याचा माउंट हवाच. आणि काचेऐवजी अ‍ॅक्रिलिकची शीट नको. तिच्यावर स्थिर वीज साठते आणि ती भुगा स्वतःकडे ओढून घेते. माझं स्वतःचं एक चित्र एका फ्रेमवाल्याने हौसेने अ‍ॅक्रिलिकमध्ये बसवून दिलं होतं. आठ महिन्यांनी उघडलं तर अर्धं आभाळ शीटवर.

निघताना आत्या म्हणाली, त्या मुलालाच विचारू की. नातवाने फोन लावून स्पीकरवर ठेवला. मी माझं सगळं अनुमान त्याला सांगितलं: तिथल, हिवाळा, दुपारचे पावणेचार, टेकडीच्या मागे बसून, तोंड उत्तरेला, सुरूची झाडं.

"बसूनच काढलं, आणि हिवाळाच होता," तो म्हणाला. "पण मांडवी आहे, मॅडम."

"मांडवी?" आत्या मधेच म्हणाली. "तिथे चांपानेर दरवाजापाशी कुठला समुद्र?"

"ती बडोद्यातली नाही आजी. कच्छची मांडवी."

मी गप्प झाले. कच्छच्या मांडवीला समुद्र दक्षिणेला आहे. समुद्र डावीकडे, तर मुलाचं तोंड पश्चिमेला. उजवीकडे जमीन, म्हणजे उत्तर. झाडं जमिनीकडे कललेली आहेत, ते बरोबरच. सावली उजवीकडे आणि आत जाते, म्हणजे वायव्येला. मग सूर्य आग्नेयेला, हिवाळी सकाळचा. दुप्पट सावली म्हणजे सूर्योदयानंतर सव्वादोन-अडीच तास. तिकडे डिसेंबरात सूर्य सव्वासातनंतर उगवतो.

"साडेनऊ-पावणेदहा?" मी विचारलं.

"हो, नाश्ता करून बसलो होतो. आणि ती सुरू नाहीत, गांडो बावळ आहे."

गांडो बावळ म्हणजे मूळ अमेरिकेतून आलेली, आता कच्छभर पसरलेली ती काटेरी विलायती बाभूळ. तिचं खोड बुडापासूनच पिळवटतं. या चित्रातली खोडंही बुडापासून पिळवटलेली आहेत, मला ती दिसत होती. सुरूचं खोड सरळसोट जातं, हेही मला माहीत आहे.

नातवाने फोन ठेवला. आत्याने चित्र भिंतीला उभं केलं, दोन पावलं मागे गेली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणजे वाळू पांढरीच होती."